शॉन स्कली यांच्या पट्ट्यांमधला उजेड नेमका कुठून येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षे ॲक्रिलिकमध्ये अमूर्त चित्रे केल्यानंतर आयरिश चित्रकार शॉन स्कली यांच्या ‘वॉल ऑफ लाइट’ या मालिकेच्या ओढीने तुम्ही आडवे-उभे पट्टे रंगवू लागलात. मास्किंग टेप लावून कडा नेटक्या काढल्या, रंग विचारपूर्वक निवडले, तरीही चित्र रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डासारखे दिसते आणि त्यांच्या चित्रांतला आतून येणारा उजेड काही उतरत नाही. म्हणून ते कोणते रंग, कोणते ब्रश आणि कोणते माध्यम वापरतात, ॲक्रिलिक सोडून तैलरंगाकडे वळावे का, आणि त्यांच्यावर कोणाचे संस्कार आहेत, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी तैलरंगात काम करते आणि शिकवतेही, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर नेहमी येत असतो. साहित्याबद्दल पुढे सविस्तर लिहितेच, पण आधी अडचण नेमकी मांडायला हवी. तुम्ही उजेड पट्ट्याच्या मध्यभागी शोधता आहात, म्हणजे त्या पट्ट्याला दिलेल्या रंगात. स्कली यांच्या चित्रात तो बहुतांशी सांध्यात असतो. त्यांच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे आखूड तुकडे भिंतीतल्या विटांसारखे रचलेले असतात, म्हणून मी त्यांना विटा म्हणते. दोन विटा जिथे एकमेकींना भिडतात तिथे खालच्या थरांचा रंग उघडा राहिलेला असतो, आणि तो उघडा राहावा अशाच बेताने वरचा थर दिलेला असतो. हे एकदा ध्यानात आले की रंग, ब्रश आणि माध्यम हे तिन्ही प्रश्न त्या सांध्याच्या संदर्भात विचारता येतात आणि त्यांची उत्तरेही बदलतात.

या मालिकेतले चित्र हातभर अंतरावरून पाहिले तर काय दिसते, ते सांगते. समजा, एक राखाडी वीट आहे आणि तिच्या शेजारी गेरूकडे झुकणारी तांबूस वीट आहे. लांबून त्या दोघींमध्ये एक रेष आहे असे वाटते. जवळ गेल्यावर कळते की रेष कोणी काढलेलीच नाही. राखाडी रंगाचा फटकारा कडेपर्यंत येऊन थोडा अलीकडेच थांबला आहे, तांबूस रंगाचा फटकारा पलीकडून येऊन तोही थोडा अलीकडे थांबला आहे, आणि मधल्या बोटभर किंवा त्याहून अरुंद फटीतून आधीच्या एखाद्या थरातला गडद लाल किंवा जवळजवळ काळा रंग बाहेर डोकावतो आहे. फटीची रुंदी सगळीकडे सारखी नाही. कुठे ती पार मिटते आणि तिथे दोन ओले रंग एकमेकांत घासले जाऊन तिसरीच मळकट छटा तयार झालेली असते. विटेच्या पृष्ठभागावरही ब्रशच्या केसांचे चर स्पष्ट दिसतात आणि त्या चरांच्या तळाशी खालचा रंग अडकून राहिलेला असतो. एका विटेत प्रत्यक्षात तीन-चार विटा एकीवर एक असतात आणि डोळ्यांना त्या सगळ्यांची जाणीव एकाच वेळी होते. छापील पुस्तकात किंवा मोबाइलच्या पडद्यावर हा तपशील बहुतेक गळून पडतो, उरतो तो फक्त वरचा रंग, आणि आपण नेमका तोच उचलतो.

आता मास्किंग टेपविषयी. स्कली यांच्या बाबतीत याचे उत्तर त्यांच्या आयुष्यक्रमातच मिळते. त्यांचा जन्म १९४५ साली डब्लिनमध्ये झाला, पण १९४९ मध्ये कुटुंब लंडनला गेले आणि ते तिथेच वाढले. पंधराव्या वर्षी ते एका छापखान्यात उमेदवारी करू लागले, संध्याकाळी कलेचे वर्ग केले, नंतर क्रॉयडन आणि न्यूकॅसल इथे रीतसर शिक्षण घेतले. १९६९ मध्ये त्यांनी मोरोक्कोचा प्रवास केला आणि तिथल्या कापडांवरच्या पट्ट्यांची त्यांच्या मनावर खोल छाप पडली. परतल्यावर त्यांनी केलेल्या जाळीदार चित्रांत पट्ट्यांवर पट्टे विणल्यासारखे येतात. १९७२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले. त्या काळातली त्यांची चित्रे ॲक्रिलिक आणि टेप यांच्या जोरावर उभी आहेत. कडा धारदार, रंग स्वच्छ, आणि ब्रिजेट रायली यांच्या दृष्टिभ्रमाच्या चित्रांशी त्यांचे नाते उघड दिसते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी रंग जवळजवळ सोडून दिले आणि काळ्या, करड्या, गडद तपकिरी छटांचे अरुंद पट्टे रंगवण्यात पुढची काही वर्षे घालवली. ही चित्रेही टेपनेच केलेली आहेत, पण आता तैलरंगात, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांतला फरक इतका थोडा की तो पाहण्यासाठी थांबावेच लागते.

मग १९८१ च्या सुमाराला टेप गेला. त्या वर्षीचे ‘बॅक्स अँड फ्रंट्स’ हे चित्र सुमारे वीस फूट लांबीचे आहे. वेगवेगळ्या उंचीचे अनेक कॅनव्हास शेजारी शेजारी जोडून ते बनवले आहे, आणि त्यातले पट्टे हाताने, टेपशिवाय रंगवलेले आहेत. पट्टा म्हणजे मोजून आखलेली जागा, हा हिशेब तिथे संपला आणि पट्टा म्हणजे दंडाच्या ताकदीने ओढलेला रंग, हा सुरू झाला. ‘वॉल ऑफ लाइट’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्यानंतर सतरा वर्षांनी. तुम्ही टेप लावून जे करता आहात ते त्यांच्या १९७३ च्या कामाजवळचे आहे, आणि तुम्ही त्यातून १९९८ च्या चित्राची अपेक्षा करता आहात. टेप वाईट नाही. त्या गडद चित्रांना तो आवश्यकच होता. परंतु टेप खालच्या थराला पूर्णपणे झाकतो किंवा पूर्णपणे उघडा ठेवतो, मधली कोणतीही अवस्था त्याला जमत नाही, आणि तुम्हाला हवा असलेला परिणाम सगळा त्या मधल्या अवस्थांमध्ये आहे. तेव्हा या कामापुरता टेप बाजूला ठेवा. आखणीसाठी कोळशाची कांडी घ्या. तिची रेष रंगाखाली विरघळते आणि तिच्याबाहेर गेलात तरी बिघडत नाही.

तैलरंग की ॲक्रिलिक, याचे उत्तर मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात हवा खेळती आहे का, चित्रे सुकत ठेवायला भिंत मोकळी आहे का, लहान मुले त्याच खोलीत झोपतात का, आणि एका चित्रासाठी महिनाभर थांबण्याची तयारी आहे का, हे मला माहीत नाही. त्यामुळे तुम्हीच ठरवावे म्हणून मी फक्त दोन्हींच्या स्वभावातला फरक सांगते.

ॲक्रिलिकमधले पाणी उडून जाते आणि रंग काही मिनिटांत पक्का होतो. दुसरा रंग शेजारी येईपर्यंत पहिल्याची कड वाळलेली असते, त्यामुळे दोन रंग एकमेकांना भिडतात पण एकमेकांत शिरत नाहीत. शिवाय ओले असताना दुधाळ दिसणारे माध्यम वाळल्यावर पारदर्शक होते आणि रंग किंचित गडद होतो. ज्या चित्रात शेजारच्या दोन राखाडी छटांमधला फरकच सगळे काम करतो, तिथे ही गोष्ट फार त्रास देते. तैलरंग वाळतो तो हवेतला प्राणवायू शोषून. ही क्रिया सावकाश चालते, म्हणून एका बैठकीत पूर्ण वेळ रंग ओला राहतो. स्कली उभ्या कॅनव्हासवर रुंद ब्रशने, हाताला वाहता वाटेल इतपत सैल केलेल्या तैलरंगात, ओल्यावर ओला रंग चढवत काम करतात, आणि खालच्या थरात मात्र वाळलेला रंग असतो. वाळलेले आणि ओले यांचा हा संयोगच त्या सांध्याला जन्म देतो. खालचा वाळलेला रंग शाबूत राहून फटीतून दिसतो आणि वरचे दोन ओले रंग कडेला एकमेकांना मळवतात.

तुमच्यासाठी एक मधला मार्ग आहे आणि मी तो नवशिक्यांना आवर्जून सुचवते. खालचे थर ॲक्रिलिकमध्येच द्या आणि शेवटचे एक किंवा दोन थर तैलरंगात द्या. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, फक्त ॲक्रिलिकचा थर फार जाड किंवा चकचकीत नसावा, नाहीतर वरच्या रंगाला धरायला खरखरीत जागा मिळत नाही. उलट क्रम कधीही करू नका. तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही, पुढेमागे त्याचे पापुद्रे निघतात. तैलरंग घरात अजिबात शक्य नसेल तर सावकाश वाळणारे ॲक्रिलिक मिळते ते वापरा किंवा वाळणे लांबवणारे द्रव्य डबीवर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. परिणाम तंतोतंत तसा येणार नाही, पण कडा नक्कीच मऊ होतील.

तैलरंग घेतलात तर काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि कमी तेलाचे, वरचे थर जास्त तेलाचे, हा नियम सगळे सांगतात, पण त्याचे कारण फारसे कोणी सांगत नाही. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि वाळताना हलत राहतो. त्याच्यावर आधी वाळणारा कडक थर बसला की वरचा थर तडकतो. रंगद्रव्यांचाही स्वभाव वेगवेगळा असतो. अंबर या मातकट तपकिरी रंगाच्या छटा त्यांच्यातल्या मँगनीजमुळे भराभर वाळतात, म्हणून खालच्या थराला त्या उत्तम. आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो, तो तळाशी जाड देऊ नये. झिंक व्हाइट तैलरंगात कालांतराने ठिसूळ होतो, तेव्हा पांढऱ्यासाठी टायटॅनियम घ्यावा आणि ट्यूबवरची माहिती वाचून त्यात झिंक किती आहे तेही पाहावे. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळते ते बहुधा खनिज तेलापासून केलेले असते. ब्रश धुवायला ते ठीक, पण रंगात घालण्यासाठी चित्रसाहित्याच्या दुकानातून शुद्ध केलेले घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात थर वाळायला उन्हाळ्याच्या मानाने खूप जास्त वेळ लागतो, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये अंगठा हलकेच टेकवून पाहिल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडतात. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

ब्रशच्या बाबतीत नाव आणि नंबर यांपेक्षा रुंदीचे गणित महत्त्वाचे आहे. स्कली घरे रंगवणाऱ्यांच्या ब्रशसारखे मोठे चपटे ब्रश वापरतात, आणि त्यामागे साधे कारण आहे: वीट दोन-चार फटकाऱ्यांत भरली गेली पाहिजे. तुमची वीट सहा इंच उंच असेल तर ब्रश तीन ते चार इंचांचा हवा. अर्ध्या इंचाच्या ब्रशने तीच वीट भरायला घेतलीत की हात आपोआप कडेची काळजी घेऊ लागतो, आतला भाग मागे-पुढे घासून सपाट होतो, आणि मग त्या विटेला दिशा, वेग, वजन यांपैकी काहीच उरत नाही. मोठा ब्रश खांद्यातून चालवावा लागतो. फटकारा सुरू होतो तिथे रंग जाड असतो, संपतो तिथे विरळ होतो आणि खालचे दिसू लागते. हा उतार मुद्दाम काढायला गेलात तर खोटा दिसतो. रुंद ब्रश आणि योग्य सैलपणाचा रंग असेल तर तो आपसूक येतो. हार्डवेअरच्या दुकानातला ब्रश घेतलात तर आधी तो तळहातावर जोरात झटकून सुटे केस काढून टाका, नाहीतर ते चित्रभर चिकटतात.

चित्र कशावर करावे, हाही प्रश्न सांध्याशीच जोडलेला आहे. स्कली लिननवर काम करतात आणि गेल्या काही दशकांत ॲल्युमिनियम आणि तांबे यांवरही त्यांनी पुष्कळ काम केले आहे. लिनन थोडा रंग पिते आणि तिचे विणकाम ब्रशला अडवते, त्यामुळे फटकारा जड वाटतो. धातूचा पत्रा काहीच पीत नाही. ब्रश त्यावर सरकतो, रंग वरच्यावर राहतो, चर लांबलचक आणि स्पष्ट उमटतात. त्यांच्या ‘लँडलाइन’ मालिकेतले आडवे पट्टे समुद्र, जमीन आणि आकाश यांच्या सीमारेषांच्या एका छायाचित्रापासून सुचलेले आहेत. त्यातल्या ॲल्युमिनियमवरच्या चित्रांत रंग वाहत गेल्याची जी जाणीव होते, तिचा बराचसा भाग पत्र्याने दिलेला आहे. आपल्याकडे पाट्या बनवणाऱ्यांकडे एसीपी शीट, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला फलक मिळतो. त्याच्यावरचा लेप बारीक पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावा, स्पिरिटने पुसून घ्यावा आणि धातूला धरणारा प्रायमर देऊन मगच रंगवावे. दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो आणि पुन्हा ताणतो, पत्र्याचे तसे होत नाही, ही कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला मोठी सोय आहे. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेले नाही, पण किनाऱ्याजवळ असाल तर पत्र्याचा विचार जरूर करा.

रंगांकडे येते. स्कली यांची चित्रे ज्यांना रंगीत वाटतात त्यांना मी एक काम सांगते: चित्राच्या छायाचित्रातली एकेक वीट कागदाच्या खिडकीतून वेगळी पाहा. बहुतेक विटा राखाडी, मातकट, विझलेल्या निघतात. ट्यूबमधून काढलेला शुद्ध लाल किंवा शुद्ध निळा फार थोड्या ठिकाणी असतो, आणि तो पेटलेला वाटतो तो शेजाऱ्यांच्या संयमामुळे. तुमच्या चित्रातले सगळेच पट्टे सारख्याच आवाजात बोलत असणार, असा माझा अंदाज आहे. राखाडी करताना काळ्यात पांढरा मिसळण्याऐवजी विरुद्ध रंगांतून ती तयार करा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांत पांढरा घातला की प्रमाण बदलून ती निळसरही होते आणि उबदारही होते. उबदार राखाडीखाली थंड थर आणि थंड राखाडीखाली उबदार थर दिला तर फटीतून डोकावणारा रंग आपले काम करतो. वर आणि खाली एकाच कुळातले रंग असतील तर फट असूनही ती दिसत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेकांची गाडी इथेच अडते. कडा मोकळ्या सोडायला ते शिकतात, पण खाली दिसण्याजोगे काही ठेवलेलेच नसते.

इथे आपल्या वाचकांच्या ओळखीचे एक उदाहरण उपयोगी पडेल. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांतही उजेड आतून येतो असे आपण म्हणतो, आणि त्यामुळे अनेक जण दोघांची तंत्रे एकत्र करतात. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या लवचिक पात्याने) रंग पसरवत, उचलत, पुन्हा पातळ थर देत. तिथे उजेड पूर्ण पृष्ठभागातून झिरपतो आणि हाताचा मागमूस जवळजवळ पुसलेला असतो. स्कली यांच्याकडे हात पुसायचा नाही, तो उघड ठेवायचा आहे, आणि उजेडाला वाट फक्त सांध्यातून आणि ब्रशच्या चरांतून द्यायची आहे. रोलर या कामात तुमचा शत्रू ठरेल.

प्रभावांबद्दल तुम्ही विचारले ते मला विशेष आवडले, कारण तंत्राच्या पाठीमागचा हेतू तिथे सापडतो. मातीस, मॉन्ड्रियन आणि रॉथ्को या तीन चित्रकारांची नावे स्कली यांच्या संदर्भात नेहमी एकत्र येतात आणि ते स्वतःही ती घेतात. मॉन्ड्रियनकडून आडव्या-उभ्याची शिस्त आली. पण मॉन्ड्रियनची चित्रे प्रत्यक्ष पाहिली तर पांढऱ्या भागांतसुद्धा ब्रश दिसतो, काळ्या रेषा पुन्हा पुन्हा रंगवलेल्या दिसतात. छपाईत ती यंत्राने केल्यासारखी वाटतात एवढेच. आणि टेपच्या निमित्ताने एक माहिती: १९४४ मध्ये मॉन्ड्रियन वारले तेव्हा त्यांचे ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ हे अपूर्ण चित्र रंगीत टेपच्या तुकड्यांसह तसेच राहिले. ते टेप कड धारदार करण्यासाठी लावत नव्हते, जागा बदलून पाहण्यासाठी लावत होते. टेप वापरायचाच असेल तर असा वापरावा.

रॉथ्कोंकडून रंगाला भावनेचे वजन देण्याची हिंमत आली. मात्र रॉथ्को अतिशय पातळ थरांत काम करत आणि त्यांचे आकार धुक्यासारखे तरंगतात, तर स्कली त्या आकारांना पुन्हा जमिनीवर आणतात, त्यांना जडपणा देतात. मातीसकडून रंगाचा मोकळा आनंद आला, जो स्कली यांच्या गडद काळात दिसत नाही आणि नंतर परत येतो. याखेरीज तरुणपणी लंडनमध्ये त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेले व्हॅन गॉग यांचे खुर्चीचे चित्र आहे. एक साधी वस्तू, जाड आणि सरळ फटकाऱ्यांनी बांधून काढलेली; त्या खुर्चीचे पाय आणि गवताची बैठक नीट पाहिलीत तर पट्टे आणि विटा तिथेच आहेत. बाटल्या-भांड्यांची चित्रे करणारे इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांडी यांच्याविषयी स्कली यांनी लिहिलेही आहे. मोरांडींच्या बाटल्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि दोन बाटल्यांमधली कड कोणत्या बाटलीची, हे ठरवता येत नाही. सांध्याचा अभ्यास करण्यासाठी मी विद्यार्थ्यांना स्कली यांच्याआधी मोरांडी पाहायला लावते.

चित्रकारांइतकाच भिंतींचाही वाटा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत त्यांनी माया लोकांच्या जुन्या बांधकामांच्या भिंती आणि दिवसभरात त्यांच्यावर बदलत जाणारा उजेड पाहिला. १९८४ मध्ये तिथेच केलेल्या एका लहान जलरंगात ‘वॉल ऑफ लाइट’चे बीज आहे. जलरंगात उजेड पांढऱ्या कागदातून येतो. तैलरंगात तशी सोय नाही, तिथे तो थरांच्या मांडणीतून निर्माण करावा लागतो, आणि त्या जलरंगातून तैलचित्रांची मालिका निघायला चौदा वर्षे जावी लागली. पुढे २००५ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ॲरन बेटांवरच्या दगडी भिंतींची छायाचित्रे घेतली. त्या भिंती चुन्याशिवाय, नुसते दगड रचून बांधलेल्या आहेत. फटींतून वारा आणि उजेड आरपार जातो आणि वारा जात असल्यामुळेच त्या वादळात टिकतात. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या या चित्रकाराचे आयर्लंडशी असलेले नाते मला त्या छायाचित्रांत सर्वांत स्पष्ट दिसते. तुम्हाला कधी डब्लिनला जाण्याचा योग आला तर ह्यू लेन गॅलरीत २००६ पासून त्यांच्या चित्रांसाठी स्वतंत्र दालन आहे. जाण्याआधी ते खुले आहे का, एवढे पाहून घ्या.

एक शेवटचा तांत्रिक मुद्दा उरतो. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत सांधा बऱ्याचदा खराखुरा असतो: वेगवेगळ्या जाडीच्या चौकटींवर ताणलेले कॅनव्हास जोडलेले, काही पुढे आलेले, काही मागे गेलेले, तर कधी मोठ्या कॅनव्हासमध्ये खिडकी कापून त्यात लहान कॅनव्हास बसवलेला. १९८३ मध्ये त्यांचा तरुण मुलगा पॉल अपघातात गेला. पुढच्या वर्षी त्याच्या नावाने केलेले, आता टेट संग्रहालयात असलेले तीन भागांचे मोठे चित्र याच पद्धतीचे आहे. तिथे दोन भागांतली फट रंगवलेली नाही, ती लाकडाची आणि कापडाची आहे. हाताने सोडलेली मोकळी कड जमत नसेल तर हा मार्ग शिकायला चांगला आहे. दोन लहान कॅनव्हास वेगवेगळे रंगवा, शेजारी टेकवा, अदलाबदल करा, आणि फटीमुळे दोन्ही रंगांचे काय होते ते पाहा.

तेव्हा पुढच्या चित्रासाठी माझी सूचना अशी. दोन फूट बाय दोन फुटांचा एकच फलक घ्या आणि त्यावर जास्तीत जास्त सहा विटा आखा. पहिला थर पूर्ण फलकभर बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन मिसळून पातळ, गडद आणि उबदार द्या. हा ॲक्रिलिकमध्ये चालेल. दुसऱ्या थरात प्रत्येक विटेला तिचा तिचा रंग द्या, मुद्दाम थोडा भडक, आणि कडेला अर्धा इंच जागा सोडत जा. तो पूर्ण वाळू द्या. तिसरा थर तैलरंगात, रुंद ब्रशने, प्रत्येक विटेच्या दुसऱ्या थराच्या विरुद्ध स्वभावाच्या राखाडीने द्या. सगळ्या विटा एकाच बैठकीत करा, म्हणजे शेजारच्या कडा ओल्या असतानाच एकमेकींना भेटतील. एका विटेवर ब्रश चारपेक्षा जास्त वेळा फिरवू नका. मग दोन दिवस चित्राकडे पाहत राहा आणि ज्या विटेखालचे काहीच दिसत नाही, तेवढी एकच वीट खरवडून पुन्हा करा. बाकीच्या विटांना हात लावण्याचा मोह होईल. तो आवरून तिसऱ्या थराचे छायाचित्र जवळून काढा आणि इथे टाका, म्हणजे पुढच्या थराविषयी मला नेमके बोलता येईल.